ट्रेम-२: मेंदूतल्या पहारेकऱ्यांना झोपवायचं की उठवायचं?

चौकस
'दाह कमी करा, मेंदू वाचवा' हे हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतं. माझ्या मते हे अर्धवट ज्ञान आहे, आणि ट्रेम-२ हे जनुक त्याला पुरून उरतं.

मेंदूतल्या जन्मजात प्रतिकारशक्तीचं ठाणं म्हणजे मायक्रोग्लिया पेशी. त्यांच्या अंगावर या जनुकापासून बनणारा ट्रेम-२ हा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचे संकेत टिपणारं प्रथिन, असतो. मेलेल्या पेशींची चरबी, अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) वगैरेंचा त्याला सुगावा लागतो, डॅप-१२ या जोडीदारामार्फत तो आत निरोप धाडतो आणि पेशी साफसफाईला लागते. २०१३ मध्ये दोन गटांनी (एक आइसलँडचा) दाखवलं की या प्रथिनात ४७व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन आलं, की अल्झायमरचा धोका जवळपास तिप्पट होतो. या बदलाने रिसेप्टर मंदावतो, तापत नाही. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तर नासू-हाकोला हा दुर्मीळ आजार होतो: तरुणपणीच मनगट-घोट्याची हाडं पोकळ होऊन मोडतात आणि चाळिशीच्या आसपास स्मृतिभ्रंश. म्हातारपण यायच्या आधीच! मग प्रतिकारशक्ती दाबून नक्की काय साधणार?

आडवा प्रश्न
सोयीचं तेवढं एक जनुक उचललंत. त्याच २०१३ मध्ये एनएलआरपी-३ वरचंही काम आलं होतं, त्याचा उल्लेख नाही. तेही जन्मजात प्रतिकारशक्तीचंच. मायक्रोग्लियाच्या आत ते धोक्याची घंटा वाजवतं आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह भडकवणारं प्रथिन बाहेर पडतं. अमायलॉइड साठणाऱ्या उंदरांतून हे जनुक काढलं तर त्यांची स्मृती टिकली आणि अमायलॉइडही कमी साठलं. म्हणजे पहारेकरीच घराला आग लावतोय.

आणि तुमच्या लाडक्या ट्रेम-२ ला चेतवणारं औषध? एएल००२. सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमर रुग्णांवर तपासलं, २०२४ च्या नोव्हेंबरात निकाल आला: आजाराची गती कमी झाली नाही. वर काहींच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सूज आणि बारीक रक्तस्रावाच्या खुणा.

काचपट्टी
मी या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं. साध्या अमायलॉइड-उंदरात प्लाकभोवती (म्हणजे अमायलॉइडच्या गुठळ्यांभोवती) मायक्रोग्लिया अगदी खेटून, हात पसरून बसलेल्या दिसतात. प्लाक घट्ट, कडा नीट. ट्रेम-२ नसलेल्या उंदरात त्या लांब रेंगाळत असतात, प्लाकच्या कडा विस्कटलेल्या आणि शेजारचे मज्जातंतू गाठी आल्यासारखे फुगलेले. ते एकदा पाहिलं की चौकस यांचं पटतं.

पण टाऊ (अल्झायमरमध्ये मज्जापेशींच्या आत साठणारं दुसरं प्रथिन) साठणाऱ्या उंदरांत उलटं झालं. २०१७ च्या कामात ट्रेम-२ काढल्यावर मेंदू कमी आक्रसला! जनुक तेच, फायदा-तोटा उलटा.

चौकस
@आडवा प्रश्न, एएल००२ दिलं तेव्हा प्लाक आधीच ठाण मांडून बसलेले. पूर ओसरल्यावर बांध घातला. आणि दाह दाबण्याचं काय झालं तेही सांगा की! नेप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन अल्झायमर टाळायची चाचणी २००४ मध्ये थांबवावी लागली. या गोळ्यांचा फायदा काही सिद्ध झाला नाही.

आडवा प्रश्न
'उशीर झाला' ही प्रत्येक फसलेल्या औषधाची ठरलेली सबब आहे. आणि नेप्रॉक्सेन मारतं कॉक्स या एन्झाइमवर, एनएलआरपी-३ वर नाही. एका दाराला कुलूप लावून दुसऱ्यातून चोर आला म्हणून कुलपाला दोष देताय.

सावली
मध्येच विचारते. आईला स्मृतिचाचणीत घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल सुरेख काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. डावी बाजू कोरी. मग 'झालं' म्हणून कागद माझ्याकडे सरकवला. तो कागद अजून पर्समध्ये आहे. मी स्वतःची ट्रेम-२ ची तपासणी करावी का?

काचपट्टी
सावलीताई, केवळ या कारणाने नको, असं मला वाटतं. तो बदल शंभरात एकाकडेही नसतो, असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही आणि नसला म्हणून सुटका नाही. कळलं तरी त्यावर द्यायला आज औषध नाही. आईंच्या डॉक्टरांशी बोला, घरात कुणाला फार लवकर सुरू झाला असेल तर ते नक्की सांगा.

चौकस
@काचपट्टी, त्या टाऊ-उंदरांत ट्रेम-२ जन्मापासूनच नव्हतं ना? सत्तरीतल्या माणसाला औषध देण्याबद्दल त्यावरून काय बोलणार?

काचपट्टी
हो, जन्मापासूनच नव्हतं. मान्य.

आडवा प्रश्न
मग तुमचे विस्कटलेल्या प्लाकवाले उंदीरही बाद करा. तेही जन्मापासूनच तसे.

चौकस
करतो. तुमचे एनएलआरपी-३ वालेही घेऊन चला सोबत.