मदत हवी आहे : कापूस वेचणाऱ्या बाईने दिवसा पाणी प्यावं कसं? (जाऊबाईंना दुसऱ्यांदा मुतखडा)

दर्यापूरची_सून :

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. जाऊबाईंना पुन्हा मुतखडा झालाय. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेत ५ मिमीचा खडा दिसला. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ठीक आहे, औषध सुरू आहे, पडून जाईल म्हणाले. उपचारांबद्दल तक्रार नाही. "रोज तीन लिटर पाणी प्या" एवढं सांगून डॉक्टरांनी पुढचा पेशंट घेतला, आणि आमचं घोडं तिथेच अडलंय.

जाऊबाई वेचणीला जातात. सकाळी कोरा चहा घेऊन निघायचं, संध्याकाळी कापसाचं वजन झालं की परत. मजुरी किलोवर. शेतात पाण्याची कॅन असते, पण त्या मुद्दाम पीत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "पानी पेलं का आडोसा धुंडा लागते. तितक्यात बाकीच्या बाया पुढं निंगून जातात." तुरीचे पट्टे असले तर निदान त्यांच्याआड जाता येतं. नुसती कमरेएवढी पऱ्हाटी, त्यात पलीकडे गडीमाणसं बंडी भरत उभी, मग सगळ्याच जणी तशाच दिवस काढतात. संध्याकाळी लघवी पार कोऱ्या चहाच्या रंगाची. घरी आल्या की तांब्याच तोंडाला लावतात आणि रात्री तीनदा उठतात.

तर मुख्य प्रश्न हा, की रात्री अशी भरपाई केलेली चालते का? दुसरं, सासूबाईंनी त्यांचं दूध-दही बंद केलंय, "खडा चुन्याचाच असतो" म्हणून. शेजारणीने भेदरंही (टोमॅटो) बंद करायला लावली, बियांमुळे होतो म्हणे. आणि आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, त्याचा काही संबंध असेल का?

पानफुटीचा पाला सुचवू नका, तो सुरूच आहे.

सिस्टर_अचलपूर :

ताई, रात्रीच्या भरपाईने काम भागत नाही. दिवसभर लघवी घट्ट राहते तेव्हाच तिच्यातले क्षार एकत्र येऊन खड्याला सुरुवात होते. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, आणि तसा खडा एकदा धरला की वरून कितीही पाणी प्या, विरघळत नाही. आणि हिशेब प्यालेल्या पाण्याचा नसतो, लघवीचा असतो. चोवीस तासांत दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. उन्हात घाम जातो त्या दिवशी तीन लिटर पिऊनही ती होत नाही. रंग बघत जा, फिकट पिवळा असला की ठीक. झोपताना एक पेला घ्यावाच, पण बाकीचं पाणी दिवसभरात थोडंथोडं जायला हवं. पहाटे उठल्याबरोबर दोन पेले घेतले तर निघायच्या आधी घरचं घरी मोकळं होता येतं, तेवढीच शेतातली एक खेप वाचते.

दूध-दही मात्र आजच सुरू करा. ऑक्झॅलेट हा भाज्यांतून वगैरे पोटात जाणारा क्षार, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच त्याला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दूध तोडलं की उलट ऑक्झॅलेट जास्त शोषलं जातं. भाकरीबरोबर वाटीभर दही उत्तम. कॅल्शियमच्या गोळ्यांचं वेगळं आहे, त्या मनाने घेऊ नयेत. भेदरं बिचारी उगीच बदनाम आहेत, त्यांच्यात ऑक्झॅलेट फार नसतं. आवरायचं तर पालक आणि चुका आवरा, आणि दिवसभरातला कोरा चहा. त्याहून महत्त्वाचं मीठ. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. ठेचा, लोणचं, पापड आणि वरून कच्चं मीठ असं आपलं ताट असतं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. फक्त त्यात मूठभर साखर-मीठ नको.

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. ऑपरेशनची वेळ आलीच तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं. यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, आधी त्याला भेटा.

धुऱ्यावरचा_बाभूळ :

मी शेतकरी आहे, वेचणीला बाया लावतो. आमच्याकडे एका मजूर बाईनेच तोंडावर सांगितलं, तोवर आम्हा पुरुषांच्या डोक्यातही आलं नव्हतं. मग धुऱ्यावर चार बांबू गाडले आणि खताची रिकामी पोती उसवून चहूबाजूंनी बांधली. खर्च म्हणाल तर सुतळीचा. आता कॅन दुपारीच रिकामी होते. मालकाला सांगायला लाजू नका, आणि एकटीने सांगण्यापेक्षा चौघी-पाच जणी मिळून सांगा.

पाणी_तपासनीस :

खाऱ्या पाण्याबद्दल. त्याच्यानेच खडा झाला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण त्यात सोडियम असतं आणि ते ताटातल्या मिठात भरच घालतं. बोअरचं पाणी अमरावतीला भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. गावात धरणाचं नळपाणी येत असेल तर प्यायला तेच भरून ठेवा, बोअरचं धुण्याभांड्याला.

दर्यापूरची_सून :

सगळ्यांचे आभार. दह्याचं सासूबाईंना वाचून दाखवलं, "सिस्टर म्हनते त खाऊ दे" म्हणाल्या. पोत्यांच्या आडोशाचं बाया उद्या मिळून मालकाला सांगणार आहेत. नळ चार दिवसांआड येतो, पण पिण्यापुरतं भागेल. सिस्टर, एक राहिलं. खडा पडला तर तपासायला द्यावा म्हणतात, तो पकडायचा कसा? चहाची गाळणी चालेल?

सिस्टर_अचलपूर :

चालेल, बारीक जाळीची नवी घ्या आणि तिला दोरा बांधून ठेवा, म्हणजे चुकून चहाला जायची नाही. प्रत्येक वेळी डब्यात लघवी करून गाळायची. खडा वाळूच्या कणाएवढाही असू शकतो. सापडला की पाण्याने धुऊन कोरड्या डबीत ठेवा आणि पुढच्या तपासणीला सोबत न्या. खडा कशाचा आहे ते कळलं की पथ्य नेमकं सांगता येतं.