अनुभव धागा : घरात एकाच वेळी दोन-तीन डायपरवाले

शेवंती
माळा आवरताना एक वही हाती लागली. पानापानावर तीन रकाने, त्यात वेळा, कडेला गिचमिड: "अर्धंच प्यायलं", "शी हिरवट", "पॅरा ५ – रात्री २.४०". त्या वहीवरून हा धागा. पाच वर्षांच्या आतली दोन, तीन, जास्त मुलं एकदम सांभाळणाऱ्यांनी लिहा. उमाळे नकोत, कृती हवी. किती, कसं, कुठे फसतं.

सुरुवात वहीपासूनच. एका मुलाचं डोक्यात राहतं, दोघांचं राहत नाही. रात्री दोन मोठी माणसं आळीपाळीने उठतात आणि एकालाच दोनदा औषध जातं, दुसरं कोरडंच राहतं. वेळ, दूध, शू-शी, औषध आणि "कोणी दिलं" एवढं लिहा. शेवटचं सगळे टाळतात आणि भांडण त्यावरूनच होतं. नवजात बाळाचे पाचव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ ओले डायपर हवेत. दोघं डायपरवाले असले की मोजताना मोठ्याचेही त्यात धरले जातात आणि धाकट्याला दूध कमी पडतंय हे उशिरा कळतं. म्हणून डबे वेगळे, मोजणी वेगळी.

अर्धीझोप
"पॅरा ५" वाचून काटा आला अंगावर. ५ काय? ड्रॉप्स की सिरप??

पॅरासिटामॉल वजनावर असतं, वयावर नाही. किलोमागे एका वेळी १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत ४ ते ६ तास, २४ तासांत चारच्या वर नाही. आता घोळ बघा. ड्रॉप्स बहुधा १ मिलिमध्ये १०० मिग्रॅ. सिरप ५ मिलिमध्ये १२० किंवा २५०. आठ किलोच्या बाळाला १२० मिग्रॅ द्यायचंय, तर पहिल्या सिरपचं ५ मिलि, दुसऱ्याचं २.४, ड्रॉप्सचं फक्त १.२. रात्री झोपेत सिरप समजून ड्रॉप्सच ५ मिलि दिले तर ५०० मिग्रॅ पोटात. चौपट. मुलं तीन असली की घरात तिन्ही बाटल्या असतात आणि तिन्ही गुलाबी.

म्हणून घरात एकाच तीव्रतेची बाटली ठेवा, ती कोणती हे डॉक्टरांना विचारून ठरवा. प्रत्येकाची सिरिंज वेगळी, तिच्या दांड्यावर ज्याच्या-त्याच्या रंगाची चिकटपट्टी. स्वयंपाकघरातला चमचा नको, त्यात कधी ३ मावतं कधी ७. वहीत "५" नाही, "१२० चं सिरप ५ मिलि" असं पूर्ण लिहायचं. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, लेबल वाचल्याशिवाय दोन्ही देऊ नका. मोठ्याचं उरलेलं औषध धाकट्याला तर कधीच नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप आला तर औषध मोजत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

शेवंती
सिरपच होतं ते गं :) पण बरोबर आहे, वहीवरून कळत नाही.

चिमणी७
छान धागा. वाचतेय. मोजे कुठे जातात हे कोणी सांगेल का

मोजपट्टी
दोन सीटची बाबागाडी घेणार असाल तर आधी दारं मोजा. चौकट नाही, दार उघडल्यावर उरणारी मोकळी जागा; पल्ल्याच्या जाडीने तीन-चार सेंमी जातात. शेजारी-शेजारी सीटवाल्या साधारण ७५ सेंमी रुंद असतात. पुढे-मागे सीटवाली दारातून जाते पण लांब असते, लिफ्टची खोली मोजा.

पुढे-मागेवाली उलटते कशी: हँडलला पिशवी, मागे एक मूल, आणि आपण पुढच्याला आधी उचलतो. वजन सगळं मागे, गाडी पाठीवर. म्हणून बसवताना पुढचं आधी, उतरवताना मागचं आधी. पिशवी खालच्या टोपलीत. ब्रेक सगळ्याच्या आधी. नवजाताला सीट पूर्ण आडवी होणारी हवी, नाहीतर मान पुढे पडून श्वास दबतो.

गोधडी
झोपेबद्दल कोणी लिहिलंच नाही, म्हणजे सगळे झोपलेत.

दोघांची दुपार एकत्र आणणं हेच खरं काम. धाकटं चार महिन्यांचं, मोठं पावणेदोन वर्षांचं धरा. मोठ्याची एकच झोप असते, साडेबाराच्या आसपास. ती खुंटी. बाकी सगळं तिच्यावरून मागे मोजायचं. चार महिन्यांचं बाळ सलग दीड-दोन तास जागं राहू शकतं. म्हणजे त्याची सकाळची डुलकी साडेदहा-पावणेअकराला संपलीच पाहिजे, लांबली तर उठवायचं. (झोपलेल्या बाळाला उठवू नये वगैरे एका मुलाच्या घरात ठीक आहे.) रोज १०-१५ मिनिटंच सरकवा. एकदम तासभर सरकवलं की दोघं रडतात आणि संध्याकाळी सहाला गळपटतात. आधी धाकट्याला टाकायचं, मग मोठ्याला, कारण मोठ्याला दोन मिनिटं थांब म्हटलेलं कळतं.

डुलक्या धरून २४ तासांतली एकूण झोप: ४ ते १२ महिने १२–१६ तास, १ ते २ वर्षं ११–१४, ३ ते ५ वर्षं १०–१३. तीन वर्षांच्यांपैकी काहींची दुपारची झोप सुटते, त्यांना दामटून झोपवू नका. खोलीत पुस्तकं देऊन पाऊण तास "गप्प वेळ", बस.

दोघांना एका अंथरुणावर टाकू नका. मोठं झोपेत लोळतं. बाळ पाठीवर, सपाट आणि कडक गादी, उशी नाही, मऊ खेळणी नाहीत. हे आपण पाळतो, पण मोठं भावंड पाळत नाही. ते प्रेमाने स्वतःची उशी आणि आवडतं अस्वल पाळण्यात टाकतं, नेमकं बाळाच्या तोंडावर. त्याला रागवायचं नाही. पाळण्याबाहेर एक टोपली ठेवायची: "बाळाला भेट इथे." आणि खोलीत गेलं की पहिली नजर पाळण्यात.

अर्धीझोप
टोपली भारी!

दोरीवरचे_कपडे
@चिमणी७ मोजे मशीनच्या दाराच्या रबरी घडीत जातात. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये घडीखाली बोट घालून बघा, खजिना आहे. चेनवाली जाळीची पिशवी घ्या, प्रत्येकाची एक. आणि सगळ्यांना एकाच रंगाचे मोजे.

विषय निघालाच आहे तर कापडी डायपर. दिवसाआड धुवायचे तर एका मुलाला दोन डझन, दोघांना साडेतीन डझन चालतात, दुप्पट लागत नाहीत कारण मोठ्याला दिवसाला पाच-सहाच लागतात. आधी गार पाण्यात खळबळून काढा. गरम पाण्याने शीचे डाग पक्के होतात. मग ६० अंशांवर पूर्ण साबण घालून. कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी पीत नाही. जाड मलमांनीही तेच होतं, मलम लावलं तर मध्ये पातळ कापडाची पट्टी घाला. मशीन पाऊण भरा. ठासून भरलं की घासले जात नाहीत, अगदी रिकामं असलं तरी नाहीत. धुतलेल्या डायपरला शू झाल्या झाल्या झणझणीत वास आला तर आधीच्या धुण्यात घाण पुरती निघालेली नाही. साबण कमी पडतोय.

चिमणी७
सापडले. अकरा. एकही जोडी नाही.

तीन_चाकी
आंघोळ. दोघांची एकत्र करायची तर मोठं नीट बसणारं आणि धाकटंही आधाराशिवाय बसणारं हवं, त्याआधी एकेक. पाणी ३७ अंशांच्या आसपास, कोपराने बघा. टबात आधी गार पाणी, मग गरम; उलट केलं आणि मोठ्याने मध्येच पाय घातला तर भाजतो. बसल्यावर कमरेइतकं पाणी पुरे. ५ सेंमी पाण्यातही मूल बुडू शकतं आणि बुडताना आवाज होत नाही. मोठं भावंड "लक्ष ठेवणारं" धरू नका. टॉवेल, कपडे, डायपर हाताच्या अंतरावर, नसेल तर दोघांनाही बाहेर काढून मगच आणायला जा. टबाला रबरी चोखण्यांनी चिकटणारी आंघोळीची सीट ही सोय आहे, सुरक्षा नाही. चोखणी सुटली की उलटते.

बाहेर काढताना धाकटं आधी. मोठं टबाबाहेर, पायपुसणीवर उभं. टब लगेच रिकामा. बादलीसुद्धा.

रात्रपाळी
घाईत लिहितोय, एक झोपलंय एक नाही.

जुलाब-उलट्या एकाला झाल्या की बाकीच्यांची तयारी त्याच दिवशी करा. हाताला लावायचं अल्कोहोल जेल नोरोव्हायरससारख्या विषाणूवर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद. डायपर बदलायची जागा एकच असेल तर बऱ्या मुलाचं आधी, आजाऱ्याचं नंतर.

ओआरएस पाकिटावर लिटरचं आहे की २०० मिलिचं ते वाचा आणि तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट. "अर्ध्या पेल्यात थोडं" असं करू नका, दाट झालं तर शरीरातलं मीठ वाढतं, पातळ झालं तर उपयोग नाही. केल्यापासून २४ तासांनी फेकून द्या. दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिलि, त्यावरच्याला १०० ते २००. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्याने. घटाघटा पाजलं की सगळं परत येतं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. झिंक डॉक्टर देतात ते १०-१४ दिवस पूर्ण करा. शी घट्ट झाली म्हणून चौथ्या दिवशी बंद करणारेच जास्त. एक पेला दोघांनी वापरायचा नाही, हे दोन वर्षांच्या माणसाला समजावणं अशक्य, म्हणून आजाऱ्याचा पेला उंचावर.

सहा-आठ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, टाळू किंवा डोळे खोल, मूल गळून गेलेलं: घरी थांबू नका.

कांजण्यांचं वेगळं. त्या १० ते २१ दिवसांनी उमटतात, म्हणजे पहिल्याच्या खपल्या धरल्या की दुसऱ्याला सुरू. रजा त्या हिशेबाने टाका.

शेवंती
रजेचं गणित छापून लावलं पाहिजे.

ठोकळा
धाकटं रांगायला लागलं की मोठ्याचा सगळा खेळ धोक्याचा होतो. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते धाकट्याच्या हाती नको. (खेळण्यांच्या चाचणीतलं नळकांडं ३१.७ मिमी व्यासाचं असतं, नळी त्याहून रुंद, म्हणजे थोडी सावधच.) पण मोठ्याला त्याचे ठोकळे खेळूच द्यायचे नाहीत का? द्यायचे. बाळाला खेळायला ठेवतात त्या कठड्याच्या (प्लेपेनच्या) आत मोठ्याला बसवा ठोकळे घेऊन, धाकट्याला बाहेर मोकळं सोडा. लोक उलट करतात आणि दोघं ओरडतात.

गोल चपट्या बॅटऱ्या: खेळण्याच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते घरात नको. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजतं. उलटी करवू नका, लगेच हॉस्पिटल, गिळल्याची फक्त शंका असली तरी. छोटे ताकदवान लोहचुंबक तसेच, दोन गिळले तर आतड्याच्या दोन वळशांमधून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटतं.

द्राक्षं उभी चार फोडी करून, दोघांनाही. मोठा भरवतो धाकट्याला, हे धरूनच चाला. घशात अडकलं आणि आवाजच येत नसेल तर: वर्षाखालचं पालथं, डोकं खाली, पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीवर ५ दाब. वर्षावरच्याला ५ थापा, मग पोटावर ५ दाब. वस्तू दिसत नसताना बोट घालून शोधू नका, आत ढकललं जातं.

मोजपट्टी
ड्रॉवरची कपाटं भिंतीला जोडा हेही. खालचे ड्रॉवर जिना म्हणून वापरतात, दोघं एकदम चढले की कपाट अंगावर. आणि वॉकर नकोच, कॅनडात २००४ पासून विकायलाच बंदी आहे.

गोधडी
दूध पाजताना मोठं नेमकं तेव्हाच पेटतं, त्याला उपाय: फक्त त्याच वेळी निघणारी टोपली. दोन पुस्तकं, एक कोडं, पाण्याचा पेला. दर तीन दिवसांनी आतलं बदला. पाजायला बसण्याआधी मोठ्याला शूला नेऊन आणा. दोघंही अंगावर पीत असतील तर पहिल्या काही दिवसांत नवजाताला आधी, चीक त्याच्यासाठी असतो. शूची सवय लावायला नवीन बाळाच्या मागचा-पुढचा महिना घेऊ नका, लागलेली सवयही मोडते त्या काळात.

अर्धीझोप
दोन बाळंतपणांत किती अंतर हवं यावर कोणी काही?

रात्रपाळी
जागतिक आरोग्य संघटना म्हणते बाळ झाल्यावर पुढच्या गरोदरपणापर्यंत किमान २४ महिने. या धाग्यावर ते सांगून काय उपयोग, हाहा

तीन_चाकी
दोघं एकदम रडत असतील तर आधी कोण? ज्याचा आवाज बंद झाला तो. मग रक्त, मग भूक, मग डायपर. आणि आपलाच तोल जातोय वाटलं तर दोघांना आपापल्या पाळण्यात सुरक्षित ठेवून दार ओढा, पाच-दहा मिनिटं बाहेर. बाळाला गदगदा हलवायचं नाही, मेंदूला इजा होते.

चिमणी७
तिघांची नखं कधी कापता

दोरीवरचे_कपडे
गाढ झोपेत. रात्री झोपल्यावर वीस मिनिटांनी, कपाळावर दिवा बांधून. एका रात्री एक मूल, नाहीतर तिसऱ्यापर्यंत पहिलं उठतं.