अनुभव धागा : रेसकोर्सवरचा तुमचा दिवस

धागाकर्ता

महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर २०२४ मध्ये महापालिकेकडे गेले. तिथे सेंट्रल पार्क व्हायचं ठरलं आहे. उरलेले ९१ एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे राहिले, शर्यतीही चालू राहिल्या. ती बातमी वाचल्यापासून हा धागा काढायचं मनात होतं. १८८३ पासून तिथे घोडे पळतायत आणि मुंबई-पुण्याच्या कितीतरी मराठी घरांतलं कुणी ना कुणी तिथे जात आलंय. घरात मात्र त्याबद्दल बोलायचं नाही अशी रीत. त्यामुळे मराठीत त्या दिवसांचं लिहिलेलं फारसं सापडत नाही, आणि मला ते हवं आहे.

किती आले, किती गेले हे सांगावंसं वाटलं तर सांगा. पण दिवस सांगा : कुणाबरोबर गेलात, घोडा कसा निवडलात, आजूबाजूला कोण होतं. ज्यांच्या घराला याची झळ लागली त्यांनीही जरूर लिहा. टिपा आणि बेटिंगच्या अ‍ॅपच्या लिंका मात्र नकोत.

सुरुवात मी करतो. मला काकांनी नेलं, थंडीतल्या एका रविवारी. आत शिरल्यावर सगळे खिडक्यांकडे वळले आणि काका मला पॅडॉकच्या कठड्याशी घेऊन गेले. शर्यतीआधी घोडे तिथे गोल फिरवतात. “कान बघ, चाल बघ,” एवढंच म्हणाले. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापुढे पडतो का, मांड्यांच्या मध्ये घामाचा फेस आलाय का, मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाला, ओढत नेतोय की त्याच्या तालानं चालतोय. एक काळसर घोडी इतकी शांत चालत होती की मला ती कंटाळल्यासारखी वाटली. काकांनी तिच्यावरच प्लेसचं, म्हणजे पहिल्या तिनात येण्यावरचं, तिकीट काढलं. ती दुसरी आली. पैसे थोडेच सुटले, पण एखाद्या जनावराकडे इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

वानवडी

पुण्यातला अनुभव लिहिते. इथला सीझन पावसाळ्यात असतो, साधारण जुलै ते ऑक्टोबर, त्यामुळे छत्री आणि चिखल गृहीत धरायचा. आमचं घर एम्प्रेस गार्डनच्या बाजूला. रेसकोर्सला सकाळी फिरायला नेहमीच जायचो, पण शर्यतीच्या दिवशी आत गेले ती थेट नोकरी लागल्यावर, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर.

टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या, खिडकीवर काय बोलायचं हेच कळेना. मागचे एक गृहस्थ म्हणाले, “ताई, रेस नंबर सांगा, घोड्याचा नंबर सांगा, विन का प्लेस ते सांगा आणि पैसे द्या.” विन म्हणजे पहिलाच यायला हवा. मैदानात घोडे पुरेसे असले तर प्लेसला पहिल्या तिनात आला तरी चालतं. एसएचपी म्हणजे दुसराच यायला हवा, हे ऐकून आम्ही खूप हसलो. दुसरा येण्यावरही कुणी पैसे लावतं!

तिसऱ्या शर्यतीत आमचा घोडा चौथा आला. मैत्रीण तिकीट फेकणार तेवढ्यात तेच गृहस्थ म्हणाले, “थांबा. निकाल जाहीर होऊ दे.” आणि खरंच ऑब्जेक्शन लागलं. सरळ रेषेत पळताना पहिल्या घोड्यानं दुसऱ्याची वाट अडवली का, यावर स्ट्युअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, फिल्म बघत बसले. सगळा स्टँड दहा मिनिटं टांगणीला. शेवटी पहिल्या घोड्याला बाद केलं आणि आमचा तिसरा झाला. आम्ही सगळ्या जणी ओरडलो. मिळालेल्या पैशांत कॅम्पात बन मस्का खाल्ला. पण मला आठवतो तो त्या अनोळखी माणसाचा आवाज. दिवसभरात त्यांनी आम्हाला एकदाही कुठला घोडा लावा हे सांगितलं नाही.

जुना पंटर

वर प्लेसबद्दल आलंय ते बरोबर आहे. मी पॅडॉकच्या आधीचं लिहितो, म्हणजे आदल्या रात्रीचं.

माझी रेस शनिवारी रात्री सुरू होते. जेवण झालं की पुस्तक घेऊन बसायचं. प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती त्यात असतात : किती मीटर, किती वजन, कोण जॉकी, कितवा, किती लांब्यांनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याएवढं अंतर). सकाळच्या सरावाची वेळ ६००/३८ अशी लिहितात, म्हणजे ६०० मीटर ३८ सेकंदांत. नुसती वेळ बघून भुलायचं नाही. मोकळा पळाला की जोर लावून पळवला, हे शेजारच्या शेऱ्यात असतं.

सगळ्यात महत्त्वाचं वजन. बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या. घोड्याला रेटिंग असतं आणि रेटिंग जितकं वर तितकं वजन जास्त, म्हणजे चांगल्यावर साठ किलोच्या आसपास आणि कमजोरावर पन्नासच्या आसपास. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालतात, आणि शर्यत झाल्यावर जॉकी पुन्हा काट्यावर बसतो. अ‍ॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ जॉकी असलेल्या पोरांना वजनात सूट असते. सगळे घोडे एका रेषेत संपावेत अशी ही मांडणी, आणि तिच्यात फट कुठे राहिली ते शोधायचं हा पंटरचा, म्हणजे पैसे लावणाऱ्याचा, खेळ.

एक उदाहरण देतो. एक घोडा लागोपाठ १२०० मीटर पळत होता आणि दर वेळी चौथा-पाचवा. पण शेरा बघितला तर दर वेळी ‘शेवटी जोर पकडला’. त्याला अंतर कमी पडत होतं. मग एका रविवारी तो १६०० मीटरला आला, रेटिंग घसरल्यामुळे वजन कमी, वर अ‍ॅप्रेंटिस. रिंगमध्ये, म्हणजे बुकी बसतात तिथे, नऊचा भाव होता, एकाला नऊ. मी लावले. वळणापर्यंत तो शेवटून दुसरा होता आणि माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, “गेला.” सरळ रेषेत तो बाहेरून आला आणि पाऊण लांबीनं जिंकला. खिशात काय आलं त्याहून, रात्री घरी बसून केलेला विचार मैदानावर डोळ्यांसमोर खरा ठरताना बघणं, यासाठी मी जात आलोय.

डर्बी, म्हणजे महालक्ष्मीची सगळ्यात मानाची शर्यत, मात्र हँडिकॅप नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, २४०० मीटर, सगळ्यांना एकच वजन, फिलींना, म्हणजे तरुण घोड्यांना नव्हे तर घोडींना, थोडी सूट. २०१० साली जॅकलिन या फिलीनं नर घोड्यांना हरवून डर्बी मारली. त्या दिवशी स्टँडमध्ये जो आवाज होता तो मला आजही ऐकू येतो. आणि पांडू खाडे, वसंत शिंदे या जॉकींची नावं ज्यांनी ऐकली असतील त्यांना कळेल, हा खेळ फक्त हॅटवाल्यांचा कधीच नव्हता.

मोतद्दाराची मुलगी

धाग्याच्या सुरुवातीलाच मोतद्दार हा शब्द वाचला म्हणून लिहितेय.

माझे वडील मोतद्दार होते. पावसाळाभर पुणे, मग घोडे ट्रकमधून मुंबईला गेले की पाठोपाठ वडीलही. दिवाळीनंतर ते आम्हाला फारसे दिसायचेच नाहीत. शर्यतीच्या दिवशी त्यांचा दिवस अंधारात सुरू व्हायचा. लिद काढणं, खरारा, पाय चाचपणं. गुडघ्याखाली कुठे गरम लागतंय का हे ते डोळे मिटून बघायचे, म्हणायचे हाताला नीट कळतं. घोड्याला त्या दिवशी चारा बेतानं, आणि हे त्याला लगेच समजतं. आज पळायचंय हे त्याच्या कानांवरून दिसतं, असं वडील सांगायचे.

पॅडॉकमध्ये तुम्ही घोडा बघता ना, त्याच्या तोंडाशी दोरी धरून चालणारा माणूस म्हणजे माझे वडील. इस्त्रीचे कपडे आई आदल्या आठवड्यातच बांधून द्यायची. शर्यत सुटली की त्यांना दिसायचं काहीच नाही. ते खाली उभे असायचे आणि लाउडस्पीकरवर कान. घोडा परत आला की पहिल्यांदा पाय बघायचे, नंतर नंबर विचारायचे. मग तासभर त्याला चालवत थंड करायचं, पाणी थोडं थोडं पाजायचं. जिंकला तर मालक बक्षीस देत. आमची शाळेची फी कितीदा त्यातून भरली गेली. हरला तरी चालवणं आणि पाणी पाजणं तेवढंच.

एका घोड्याचा पाय पळताना मोडला. त्याला वाचवता आलं नाही. वडील दोन दिवस जेवले नाहीत आणि रिकाम्या तबेल्यापुढून जायचं टाळायचे. त्यांनी कधी एक रुपया लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “त्याच्या अंगावर आधीच जॉकी असतो, खोगीर असतं, शिसं असतं. माझे पैसे कशाला अजून?”

पॅडॉकला गेलात तर दोरी धरणाऱ्यालाही बघा.

परळ

ज्यांना झळ लागली त्यांनी लिहावं असं म्हटलंय, म्हणून लिहितो.

वडील गिरणीत होते, साचे खात्यात. मटका चाळीत सगळेच लावायचे, पण रेस म्हणजे जरा वरची गोष्ट समजायचे. पगाराच्या आठवड्यात ते स्वच्छ सदरा घालून सेकंड एन्क्लोजरला, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या भागात, जायचे आणि मला एकदा बरोबर घेऊन गेले. माझ्या आठवणीत घोडे नाहीतच. माणसांचे पाय आणि जमिनीवर पसरलेली फाटकी तिकिटं आहेत. वडील शेवटच्या शर्यतीआधी गप्प झाले. आधीच्या सगळ्यांत गेलेलं एका शेवटच्या शर्यतीत परत मिळवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. परत येताना आम्ही चालत आलो. बसचेही पैसे उरले नव्हते.

जानेवारी १९८२ मध्ये संप झाला आणि पगारच थांबला. रेस मात्र थांबली नाही. आता उधारीवर. आईच्या बांगड्या गेल्या, मग भांडी. आई सावकाराला दारातून परत पाठवायची तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

जुना पंटर यांनी लिहिलेलं मन लावून वाचलं. त्यांचा अभ्यास खरा आहे हे मला पटतं. १९९६ साली सुप्रीम कोर्टानंही घोड्यांची शर्यत म्हणजे कौशल्याचा खेळ असंच ठरवलं. पण माझ्या वडिलांकडे शनिवारची रात्र नव्हती, त्यांची रात्रपाळी असायची. त्यांच्याकडे फक्त कुणीतरी कानात सांगितलेली टीप होती. मी आजही महालक्ष्मीला उतरलो की त्या बाजूला बघत नाही. तिथे बाग होतेय याचा मला मनापासून आनंद आहे.

जुना पंटर

परळ यांना : तुमचं लिहिलेलं वाचून बराच वेळ बसून राहिलो. शेवटच्या शर्यतीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलंय. नव्या लोकांना मी एवढंच सांगतो, घरून निघताना जेवढे घेतले तेवढेच, आणि उधारीच्या बुकीकडे कधीच नाही.

आता तर हिशेबच बदललाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी ठरला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर कापतात तो वेगळाच. अभ्यास करून वरचढ ठरायला आता जागाच कमी उरलीय. माझ्या ओळखीचे बरेच जण नुसते बघायला येतात.

मेलबर्न

इथे नोव्हेंबरचा पहिला मंगळवार म्हणजे मेलबर्न कप, शहराला चक्क सुट्टी. १८६१ पासून चालू आहे, ३२०० मीटर. आदल्या दिवशी ऑफिसात चिठ्ठ्या टाकतात, प्रत्येकाला एक घोडा. माझ्या चिठ्ठीतला घोडा कधी नीट पळालाच नाही, पण फ्लेमिंग्टनला गुलाब फुललेले असतात आणि दिवाळीही आसपासच असते. मराठी मंडळातल्या चार-पाच घरांनी मिळून आम्ही शंकरपाळे आणि चकल्यांचे डबे घेऊन गवतावर बसायचो.

२०२० च्या कपमध्ये अँथनी व्हॅन डाइक हा घोडा पळताना जायबंदी झाला आणि त्याला मारावं लागलं. आमच्या मुलीनं ते टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर ती येत नाही, मीही आग्रह करत नाही. मोतद्दाराची मुलगी यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिनं तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला.

एक गंमत : आमच्या घराजवळचं कॉलफिल्ड रेसकोर्स पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओळखीचं का वाटतंय ते कळेना. महालक्ष्मीची आखणी त्याच्यावरूनच केलेली आहे.

मांजरी

निवृत्त घोड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. पुण्याच्या पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा. त्यांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरची औषधं करण्यासाठी सीरम (रक्तातला पातळ द्रव) काढत. ते काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. माझे आजोबा स्टडवर कामाला होते, त्यांच्याकडून हे लहानपणापासून ऐकत आलोय. नुकतं जन्मलेलं शिंगरू तासाभरात उभं राहतं हेही तिथेच पाहिलं.

कोथरूड

मी कॉलेजात आहे, कधी गेलेलो नाही. हे सगळं वाचून पुण्याच्या सीझनला एकदा जाऊन बघावं असं वाटतंय. एकट्यानं गेलं तर चालेल का? काय बघायचं?

धागाकर्ता

कोथरूड : वय १८ पूर्ण असेल तर जा, ओळखपत्र ठेवा. सप्टेंबरमध्ये सेंट लेजर असते, २८०० मीटरची, तो दिवस चांगला. पहिल्या दोन शर्यतींना काहीच लावू नका. पॅडॉकला उभे राहा, मनात एक घोडा निवडा, आणि मग स्टँडमध्ये वर न जाता शेवटच्या खांबाजवळच्या कठड्याशी जा. घोडे समोरून जाताना पायाखालची जमीन हलते, ते वरून कळत नाही. त्यानंतर लावावेसे वाटले तर घरून वेगळे काढून आणलेलेच लावा. आणि परत आलात की इथे लिहा.