रेंजर: ‘फेव्हर्ड एनिमी’ सोडून ‘फेव्हर्ड फो’ घ्यावा का?

रानवाट: डी अँड डी (फासे टाकून खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ) पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने (२०२०) रेंजरला, म्हणजे रानात मुरलेल्या योद्ध्याला, पहिल्या लेव्हललाच दोन पर्याय दिले: फेव्हर्ड एनिमीऐवजी (निवडलेल्या प्रकारच्या शत्रूची जाण) फेव्हर्ड फो (खूण केलेल्या शत्रूला जादा इजा) आणि नॅचरल एक्सप्लोररऐवजी (निवडलेल्या प्रदेशाची जाण) डेफ्ट एक्सप्लोरर (कौशल्यात वाढ). दोन्ही स्वतंत्रपणे घेता येतात. माझं मत: डेफ्ट घ्या, फो नको. फोला कॉन्सन्ट्रेशन (परिणाम टिकवायला लागणारी एकाग्रता) लागतं आणि दुसऱ्या लेव्हलपासून मिळणाऱ्या हंटर्स मार्क या मंत्रालाही. म्हणजे एका वेळी एकच. पाचव्या लेव्हलला दोन हल्ले, प्रत्येक लागण्याची शक्यता ६० टक्के धरा. मार्क दर फटक्याला डी६ (सहा बाजूंचा फासा) एवढी जादा इजा देतो, फेरीमागे सरासरी ४.२. फो टर्नमधल्या (आपल्या पाळीतल्या) पहिल्याच फटक्याला डी४ देतो, २.१. सरळ निम्मं!

विसाचा_फासा: हे गणित धनुष्यवाल्याचं. तिसऱ्या लेव्हलचा, दोन शॉर्टस्वॉर्डवाला रेंजर मांडा: टू-वेपन फायटिंग स्टाइल (दुसऱ्या हाताच्या इजेतही डेक्स मिळवायचा), डेक्स (चपळाई) +३. मार्क टाकायला बोनस अ‍ॅक्शन जाते (टर्नमधली एकच जादा कृती), म्हणजे त्या फेरीत दुसऱ्या हाताचा वार गेला. सरासरी इजेतले गेले ३.९, मिळाले २.१. फोला बोनस अ‍ॅक्शन लागतच नाही, वार लागला की लावायचा. एकूण जादा इजेत मार्क फोच्या पुढे जातो तिसऱ्या फेरीत, ६.६ विरुद्ध ६.३, तेही शत्रू तोवर उभा असेल तर. तो पडला की मार्क हलवायला पुन्हा बोनस अ‍ॅक्शन.

रानवाट: आणि फोचं काय? शत्रू बदलला की नवा वापर, आणि चौथ्या लेव्हलपर्यंत लाँग रेस्टमागे (लांब विश्रांतीमागे) वापर दोनच. मार्क एका स्लॉटवर (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) तासभर टिकतो.

पडद्यामागचा_डीएम: टिकतो, पण मार बसला की दर वेळी किमान डीसी १०चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (एकाग्रता टिकवायला फाशावर निदान १० गाठायचे), आणि रेंजरला त्यात प्रोफिशन्सी (प्रावीण्याचा बोनस) नाही. हे फोलाही लागू. तुम्ही दोघं एनिमीला मात्र शून्य धरताय. माग काढायला आणि माहिती आठवायला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), वर एक भाषा. मोहीमभर अनडेड (मेलेले पण हिंडणारे शत्रू) येणार हे सेशन झिरोलाच (खेळाआधीच्या बैठकीतच) ठरलं असेल तर ते सोडू नका. शत्रू ठाऊक नसेल तर खुशाल बदला. डेफ्टबद्दल वादच नाही. नॅचरल एक्सप्लोररमुळे निवडलेल्या प्रदेशात वाट चुकत नाही, अन्न दुप्पट मिळतं, म्हणजे प्रवासातला पेचच पुसला जातो. प्रदेश बदलला की हाती काही नाही. डेफ्टचं एक्स्पर्टीज (एका कौशल्यात दुप्पट बोनस) कुठेही चालतं.

विसाचा_फासा: भाषा वार करत नाही. दोन तलवारवाल्याने किरकोळ झटापटीत फो वापरावा, स्लॉट दांडग्या शत्रूवरच्या मार्कसाठी राखावा.