मृत्यूनंतर ‘मी’ जपून ठेवायचा, पण नेमका कोणता?

पंचगंगाकाठ (मूळ प्रश्न)

मी गेली २७ वर्षे मिशिगनमध्ये राहतो. माझ्या घरापासून मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर क्लिंटन टाउनशिप येथे, मृत्यूनंतर देह द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला जतन करून ठेवणारी एक संस्था आहे. ‘क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूट’ हे तिचे नाव. रॉबर्ट एटिंजर यांच्या पुढाकाराने ती १९७६ साली सुरू झाली. त्यांची आई, दोन्ही पत्नी आणि २०११ पासून ते स्वतः असे सारे कुटुंबच तेथे आहे. भविष्यातील वैद्यकाला कधीतरी आपल्याला उठवता येईल, या आशेवर माणसे तेथे नाव नोंदवतात. इतकी वर्षे मी याकडे एक गंमत म्हणूनच पाहत आलो.

गेल्या डिसेंबरात शिरोळला गेलो, तेव्हा आईने मला पाहून डोक्यावर पदर घेतला आणि “थोरले भाऊजी, चहा घेऊनच जा” असे म्हणाली. तिला स्मृतिभ्रंश आहे, हे मला ठाऊक होते. परंतु पोटच्या मुलासमोर ती पदर सावरून अदबीने उभी राहील, याची तयारी झालेली नव्हती. त्याच दुपारी सुपात तांदूळ घेऊन ती खडे निवडत होती आणि तिच्या बोटांचा वेग मी शाळेत असताना होता तसाच होता.

माझे वय ५८ आहे. आमच्याकडे आजीलाही हेच झाले होते. विमानातून परतताना जे प्रश्न डोक्यात आले ते येथे मांडतो. संस्था जतन करणार तो मेंदू. परंतु मृत्यूसमयी तो आईच्या मेंदूसारखा झालेला असेल तर त्यात जतन होणार कोण? आणि आजार बळावण्याआधी काही करण्याची सोय कायद्यात आहे काय? तसे नसेल तर डायऱ्या, पत्रे, ध्वनिमुद्रणे यांचा साठा करून ओळख टिकवता येते, या म्हणण्यात किती तथ्य आहे? थट्टा करू नये ही विनंती. ती घरी पुरेशी झालेली आहे.

भूलवाला

मी पुण्यात भूलतज्ज्ञ आहे. आपल्या प्रश्नाचा एक तुकडा मी व्यवसायात प्रत्यक्ष पाहिलेला आहे, म्हणून लिहितो.

महाधमनीच्या कमानीवरील काही शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाचे तापमान हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने १८ ते २० अंशांपर्यंत खाली आणतात, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या रचतात आणि मग रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. मेंदूच्या विद्युत-आलेखावर त्या वेळी सरळ रेषा असते. ही अवस्था साधारण अर्धा तास सोसता येते. एका निवृत्त एस.टी. वाहकांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मला स्वारगेट ते महाबळेश्वरचे सगळे थांबे घडाघडा म्हणून दाखवले होते. चौथ्या दिवशी घशातील नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात त्यांचे पहिले वाक्य होते, “डॉक्टर, परवा शिरवळनंतर पारगाव-खंडाळा सांगायचं राहिलं.” रक्ताभिसरण थांबवलेले असताना त्यांच्या मेंदूत कसलाही विद्युतप्रवाह नोंदला गेला नव्हता. म्हणजे दीर्घकालीन आठवण ही सतत तेवत ठेवावी लागणारी ज्योत नव्हे. ती चेतापेशींच्या जोडण्यांत, त्यांच्या बांधणीत असते. देह जतन करणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे आणि तेवढ्यापुरता तो चुकीचा नाही.

अडचण पुढे आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि त्याच्या स्फटिकांनी पेशींची रचना विस्कटते. यावर उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. पाक साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. तसेच रक्ताच्या जागी गोठणरोधक द्रावण भरले आणि तापमान योग्य गतीने उतरवले, तर ऊतींमध्ये स्फटिक न होता त्या काचेसारख्या घट्ट होतात. उंदरांची मूत्रपिंडे अशा अवस्थेत १०० दिवसांपर्यंत ठेवून, लोहकणांच्या साहाय्याने एकसारखी गरम करून, पुन्हा उंदरांतच बसवण्यात मिनेसोटा विद्यापीठातील चमूला २०२३ मध्ये यश आले आणि ती चाललीही. मूत्रपिंडाला मात्र काही आठवायचे नसते. पूर्ण सस्तन प्राणी किंवा त्याचा मेंदू असा उठवून कोणी दाखवलेला नाही.

आता आपला मूळ मुद्दा. संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी मांडलेली एक कल्पना या विषयात कायम पुढे येते: हृदय थांबणे हा खरा अंत नव्हे, मेंदूतील रचना इतकी बिघडणे, की मूळ रचना काय होती हे कोणत्याही तंत्राने ओळखता येऊ नये, तो खरा अंत. ही व्याख्या मान्य केली, तर अल्झायमरचा रुग्ण कायद्याने जिवंत असतानाच हप्त्याहप्त्याने जात असतो. जोडण्यांची झीज लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते आणि गेलेली जोडणी गोठवून परत येत नाही. आपल्या आईंची बोटे मात्र तरबेज राहिली, कारण हातवळणाची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांत असते आणि तेथे हा आजार उशिरा पोहोचतो. कठोर वाटेल, परंतु शेवटच्या टप्प्यातील मेंदू कितीही उत्तम जतन केला तरी जतन होईल ती झीज.

घरात दोन पिढ्यांत आजार असल्याने आपण स्वतःची स्मृतिचाचणी आता करून घ्यावी आणि रक्तदाब, साखर, श्रवणशक्ती यांकडे लक्ष द्यावे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. नायट्रोजनच्या टाकीपेक्षा याचा उपयोग अधिक होण्याची शक्यता आहे.

जुना_मुद्रांक

आपल्या कायद्याच्या प्रश्नाला नेमके उत्तर आहे आणि ते नकारार्थी आहे.

थॉमस डोनाल्डसन नावाच्या गणितज्ञाला मेंदूत गाठ होती. गाठ वाढत जाऊन आपली ओळखच खाऊन टाकील आणि मग जतन करण्याजोगे काही उरणार नाही, म्हणून नैसर्गिक मृत्यूपूर्वीच आपल्याला गोठवू द्यावे, असा अर्ज त्याने कॅलिफोर्नियातील न्यायालयात केला. आपण विमानात जो विचार केलात, तोच त्याने वकीलपत्रासह मांडला होता. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला: स्वतःचा जीव संपवण्यात दुसऱ्याचे साहाय्य मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही आणि साहाय्य करणाऱ्यास फौजदारी कायद्यापासून संरक्षणही देता येणार नाही. डोनाल्डसन २००६ मध्ये वारला आणि त्यानंतरच त्याला जतन करण्यात आले. ऑरेगन, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत पुढे मरणसाहाय्याचे कायदे आले. परंतु आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरले असणे आणि निर्णयक्षमता शाबूत असणे या दोन्ही अटी एकदम लागतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची पहिली अट पुरी होईपर्यंत दुसरी केव्हाच गेलेली असते. मिशिगनमध्ये तर असा कायदाच नाही.

पण समजा, हे सारे जुळून आले. मग मला विचारायचे आहे की राखणदार कोण? शंकराचार्यांनी राजा अमरुकाच्या देहात प्रवेश केला तेव्हा त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनी गुहेत राखला होता, अशी आख्यायिका आहे. आणि त्या आख्यायिकेतही राजाच्या मंत्र्यांनी असे देह शोधून जाळण्याचा हुकूम सोडलाच होता. प्रत्यक्षातील इतिहास याहून वेगळा नाही. लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ येथील दफनभूमीतील तळघरात ठेवलेले नऊ देह पैसे संपल्याने वितळून कुजल्याचे १९७९ मध्ये उघडकीस आले. फ्रान्समध्ये डॉ. रेमों मार्तिनो यांनी १९८४ मध्ये पत्नीचा देह आपल्या गढीच्या तळघरात शीतपेटीत ठेवला, २००२ मध्ये त्यांनाही शेजारी ठेवण्यात आले, आणि २००६ मध्ये शीतयंत्र बिघडल्यावर मुलाला दोघांचेही दहन करावे लागले. १२ जानेवारी १९६७ रोजी गोठवलेले जेम्स बेडफर्ड हे पहिले गृहस्थ आजही अ‍ॅरिझोनातील अल्कॉर या अशाच दुसऱ्या संस्थेकडे आहेत, पण १९८२ पर्यंत कुटुंबाने वकिलांची आणि नायट्रोजनची बिले भरत त्यांना जागोजाग हलवले म्हणून.

संस्था आता शहाण्या झाल्या आहेत. पैसे एकरकमी घेतात, बहुतेक सभासद आयुर्विम्यातून ते उभे करतात. आपल्या शेजारच्या संस्थेचा दर २८,००० डॉलरपासून सुरू होतो. अल्कॉरमध्ये केवळ मेंदूसाठी ८०,००० डॉलर आणि संपूर्ण देहासाठी दोन लाखांहून अधिक लागतात. मात्र विम्याचा नामनिर्देशित लाभार्थी संस्था असेल आणि घरच्यांना ते ऐनवेळी कळले, तर पहिले भांडण तिरडीशीच होते. ब्रिटनमध्ये २०१६ साली कर्करोगाने जाणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात आईवडिलांचे एकमत होईना, म्हणून उच्च न्यायालयाला निर्णय आईच्या हाती द्यावा लागला.

भारतात अशी सोय पुरवणारी संस्था माझ्या माहितीत नाही. पंजाबातील नूरमहलचे आशुतोष महाराज यांना डॉक्टरांनी जानेवारी २०१४ मध्ये मृत घोषित केले; ते समाधीत आहेत असे मानणाऱ्या शिष्यांनी देह शीतपेटीत ठेवला आणि अंत्यसंस्काराचा आधीचा आदेश २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रद्द केला. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवू. तेथे राखणारे हजारोंनी आहेत. आपल्याकडे किती आहेत, ते मोजून मग सही करा.

शेवंती

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

अल्कॉरचा केवळ मेंदूचा पर्याय वाचून मला वेताळपंचविशीतील ती गोष्ट आठवली. देवीच्या देवळात नवरा आणि भाऊ दोघांनीही आपापली शिरे वाहिलेली, देवी प्रसन्न झालेली आणि घाईत त्या बाईने नवऱ्याचे शिर भावाच्या धडाला व भावाचे नवऱ्याच्या धडाला लावलेले. आता तिचा नवरा कोणता? विक्रम सांगतो, ज्याला नवऱ्याचे शिर तो नवरा, कारण सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. वर्गात हे उत्तर मुलांना लगेच पटत असे. मग मी विचारत असे की देवीने तसेच हुबेहूब दुसरे शिर घडवून दोन्ही धडांना लावले असते तर? वर्गात शांतता पसरायची.

हा प्रश्न आता केवळ वर्गातला राहिलेला नाही. अल्डिहाइड या रसायनाने मेंदू स्थिर करून मग गोठवण्याची एक पद्धत आहे. तिला सशाच्या मेंदूसाठी २०१६ मध्ये आणि डुकराच्या मेंदूसाठी २०१८ मध्ये ‘ब्रेन प्रिझर्व्हेशन फाउंडेशन’चे पारितोषिक मिळाले. जोडण्या तिच्यात अप्रतिम टिकतात, परंतु अल्डिहाइड हे विष असल्याने तो मेंदू पुन्हा जिवंत होण्याची आशा सोडावीच लागते. तो फक्त वाचायचा आणि वाचलेले यंत्रावर चालवायचे. वाचनाचा आवाका पाहा: फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १,३९,००० चेतापेशींचा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. मानवी मेंदूच्या केवळ एक घनमिलिमीटर तुकड्याच्या प्रतिमांना १,४०० टेराबाइट जागा लागली. आणि हे सारे एके दिवशी जमलेच, तरी यंत्रावर उठून बसणारा तो आपण की आपली बिनचूक नक्कल, हा प्रश्न अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकाने सुटणारा नाही. तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये याचे जे उत्तर दिले ते मला अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटते: ‘तो मीच का’ याला प्रत्येक वेळी हो-नाही उत्तर असतेच असे नाही आणि आठवणी, स्वभाव, इरादे यांची सलगता किती टिकली हेच महत्त्वाचे.

तसे पाहिले, तर भूलवाला यांच्या झिजेच्या वर्णनात मी एक भर घालीन. पंचगंगाकाठ, आपल्या आईंनी आपल्याला ओळखले नाही, पण समोर आदराचे माणूस आहे आणि त्याला चहा दिल्याविना पाठवायचे नाही, एवढे त्यांच्यात शाबूत होते. हे काही ‘काहीच उरले नाही’ असे नव्हे. कोणत्या टप्प्यावर ‘आई संपली’ म्हणायचे, ती रेघ मला तरी ओढता येणार नाही; आणि ज्याला ती ओढता येत नाही त्याने कोणता ‘मी’ टाकीत ठेवायचा हे तरी कसे ठरवावे?

डायऱ्या आणि ध्वनिमुद्रणांविषयी. अल्कॉर सभासदांच्या अशा वस्तू पेट्यांत घालून कॅन्ससमधील मिठाच्या खाणीत ठेवते, म्हणजे या व्यवसायातही त्यांना देहजतनाला पूरक मानतात, पर्याय नव्हे. पत्रांच्या ढिगाऱ्यावरून आपल्यासारखे बोलणारे यंत्र आज बनवता येते. ते नातवंडांना आवडेल, परंतु आपल्याला आतून काही जाणवेल असे मानण्यास आधार नाही. तरीही साठा करावा. फक्त तो लेखांचा आणि भाषणांचा नको. आपण भांडताना कोणता शब्द वापरता, आमटीत मीठ कमी झाले तर काय म्हणता, ते कोणी डायरीत लिहीत नाही आणि माणूस गेल्यावर आठवते ते तेवढेच.

पंचगंगाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. भूलवाला साहेब, स्मृतिचाचणीची वेळ घेतली आहे. जुना_मुद्रांक यांचा राखणदारांचा हिशेब सौ.ला वाचून दाखवला, ती म्हणाली, “माझे नाव त्यात धरू नका.” तेव्हा तूर्त सही करीत नाही. विमा मात्र मुलींच्याच नावे राहील, एवढे नक्की केले.

शेवंतीताई, आपले वाचल्यानंतरच्या रविवारी शिरोळला दृश्यफोन केला आणि भावाला फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवायला सांगितले. आईने पुन्हा पदर घेतला. या वेळी मी तिला सुधारले नाही. थोरले भाऊजी होऊनच विचारले की तुमचा थोरला मुलगा हल्ली कुठे असतो. ती म्हणाली, “तो शिकायला लांब गेलाय. त्याला आमटी आंबट लागते, इथली त्याला तिकडं मिळत नसेल.” मग तिने भावाला आमसुले बांधून ठेवायला सांगितले. ते मुद्रण दोन मिनिटे चाळीस सेकंदांचे आहे.