माहिती शोधायला आणि पारखायला शिकवण्यासाठी परिचर्या महाविद्यालयात स्वतंत्र तास हवा का?

ग्रंथपाल, सांगली (धागाकर्ता):
आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने बेडसोअरवरील (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेवरील) केस स्टडीत, हाडांच्या उंचवट्यांवर स्पिरिट लावून मालिश करावे, असे सीनियरच्या जुन्या वहीतून जसेच्या तसे उतरवले होते. लाल झालेली त्वचा चोळू नये, असे आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात आणि पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर) शोध घ्यायला पैसेही पडत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात आरोग्य माहितीशास्त्राचा विषय आहे खरा, परंतु आमच्याकडे त्याचा संगणकाचा तास होऊन बसतो. म्हणून ग्रंथपाल आणि ट्युटर यांनी मिळून घेतलेला, गुण असलेला तास पहिल्या सत्रापासूनच असावा, असे माझे मत आहे.

वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, मिरज:
मी असहमत आहे. ती जुनी वही इतकी वर्षे टिकली, याचा अर्थ ती तपासणाऱ्यांनीही नवे काही वाचले नाही. मग तास मुलींना का? शिवाय छापून आले म्हणजे खरे, असेही नसते. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा लेख १९९८ मध्ये लॅन्सेटसारख्या नियतकालिकात आला आणि पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० मध्ये. मधल्या काळात उत्तम शोध घेणाऱ्या मुलीलाही तोच सापडला असता आणि नियतकालिकाचे नाव पाहून तिने तो मानलाही असता.

ग्रंथपाल, सांगली:
सिस्टर, हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या लेखात अवघी १२ मुले होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एवढे दोन प्रश्न विचारायला शिकलेली मुलगी नियतकालिकाच्या नावाला भुलली नसती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली तेव्हा व्हॉट्सॲपवरचे संदेश दाखवून पालक प्रश्न विचारत, ते डॉक्टरांच्या आधी एएनएम ताईंनाच (आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकांनाच). तिथे "तसे काही नसते" हे उत्तर पुरत नाही.

तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, मूळची जतची:
दोघांचेही म्हणणे वाचले, पण आमची अडचण त्याआधीची आहे. रुग्ण सांगतो, "साखर वाढल्यापासून पायाला मुंग्या येतात." मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने पबमेडच्या चौकटीत काय लिहायचे? तिथले विषयशीर्षक 'डायबेटिक न्यूरोपथीज' (मधुमेहामुळे होणारे नसांचे विकार) आहे, हे मला दुसऱ्या वर्षी अपघाताने कळले. रुग्णाच्या बोलीतून त्या शब्दापर्यंत कसे जायचे, हे कोणीच शिकवले नाही. संदर्भसूची व्हँकुव्हर पद्धतीने लिहिण्यावर मात्र दोन तास झाले. (त्यातले स्वल्पविराम चुकले की गुण जातात, हे वेगळेच.)

वॉर्ड इन्चार्ज सिस्टर, मिरज:
बाळ, हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो वर्गात नव्हे तर खाटेशेजारीच शिकता येईल. ग्रंथपाल मॅडम, गुणांना माझा विरोध कायम आहे, कारण गुण आले की याचीही वही तयार होते आणि पुढच्या तुकडीकडे जाते. मात्र क्लिनिकल पोस्टिंगच्या काळात, दुपारची औषधे देऊन झाल्यावर, त्या दिवशीच्या एकाच रुग्णाचा प्रश्न घेऊन आपण वॉर्डात येणार असाल, तर मी स्वतःही मुलींबरोबर बसेन. मालिशचे मलाही तपासायचे आहे.