मदत हवी आहे: स्मार्टफोनचा आणि समाजमाध्यमांचा समस्याग्रस्त वापर वेगळा कसा मोजावा?

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील या दोन वापरांचा परस्परसंबंध तपासत आहे. स्मार्टफोनसाठी २०१३ मध्ये कोरियातील किशोरवयीनांवर तयार झालेली दहा विधानांची संक्षिप्त मापनश्रेणी, तर समाजमाध्यमांसाठी सहा प्रश्नांची बर्गेन मापनश्रेणी घेतली आहे.

अडचण अशी की, पहिल्या श्रेणीतील एका विधानात ट्विटर आणि फेसबुकचा थेट उल्लेख आहे. शिवाय फोन हाती नसताना होणारी अस्वस्थता विचारली, तर ती फोनसाठी आहे की इन्स्टाग्रामसाठी, हे उत्तर देणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. (मलाही आले नसते.) त्यामुळे छोट्या पूर्वचाचणीत आढळलेला मोठा सहसंबंध खरा किती आणि प्रश्नांच्या सरमिसळीतून आलेला किती, हे कळत नाही.

ट्विटर-फेसबुकचे ते विधान वगळून सहसंबंध पुन्हा काढला, पण फारसा फरक पडला नाही. पडद्यासमोरचा वेळ ॲपनिहाय नोंदवून घेण्याचाही विचार केला. मात्र वेळ जास्त म्हणजे वापर समस्याग्रस्त, असे समीकरण मला मान्य नाही. मराठी अनुवाद आणि उलट-अनुवाद झाले आहेत, मार्गदर्शकांची संमती आहे, परंतु मुख्य सर्वेक्षण एकदाच घेता येईल आणि सशुल्क सॉफ्टवेअर परवडणारे नाही.

अशा स्थितीत ते विधान मुख्य सर्वेक्षणातून काढल्यास ३१ आणि ३३ हे मुलगे-मुलींसाठीचे मूळ निर्णायक गुण (ज्यांपुढे वापर समस्याग्रस्त मानला जातो) वापरता येतील का, की श्रेणी अखंड ठेवून पुष्टीकारक घटक विश्लेषणानेच (कोणते प्रश्न कोणत्या संकल्पनेशी जुळतात हे तपासणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने) दोन्ही संकल्पनांचे वेगळेपण तपासणे अधिक योग्य ठरेल?